विमल आणि तिचं पाखरांचं वर्ष

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, त्यामुळे समोरची भिंत, तिच्यावरचा अक्षरांचा तक्ता, शेजारी बसलेला माणूस, सगळं पाण्यात पडल्यासारखं दिसत होतं. फोन कोणाचा ते वाचता आलं नाही. आवाजावरून ओळखलं, प्राची. विमलच्या धाकट्या भावाची मुलगी. “शालूमावशी, आत्या गेली. झोपेतच.” मी विचारलं, नेणार कधी? ती म्हणाली, दुपारनंतर. मग काउंटरवरच्या मुलीला सांगितलं की मी परत कधीतरी येईन, आणि रिक्षा करून सावेडीला तिच्या घरी गेले. रडू आलं नाही. डोळ्यांतून थेंबांचं पाणी येतच होतं, त्यामुळे तिथे जमलेल्यांना मात्र मी फार रडले असं वाटलं. मी तो गैरसमज दूर केला नाही.

याला आता दीड महिना होऊन गेला. शाळेत शोकसभा झाली. शिस्तीच्या मुख्याध्यापिका, विज्ञानाच्या उत्तम शिक्षिका, अविवाहित राहून शाळेला वाहून घेतलेल्या... असं सगळं बोलून झालं. शाळेला वाहून घेतलं वगैरे खोटं आहे. विमलला शाळेचा कंटाळा येत असे आणि ती तसं सांगतही असे. शेवटी एक तरुण शिक्षक म्हणाले, “बाईंना पक्ष्यांचीही आवड होती.” ते ऐकून वाटलं, जणू बाईंनी घरात पोपट पाळला होता. म्हणून हे लिहिते आहे. तिच्या आयुष्यातल्या एका वर्षाबद्दल मला थोडं माहीत आहे, कारण त्यातले बहुतेक रविवार मी तिच्या मागे सायकल मारत होते.

मी नगरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. विमल माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, माझ्या आधीपासून तिथे होती. तिने घेतलेल्या खोलीत दुसरी शिक्षिका हवी होती, म्हणून मी तिथे राहायला गेले. ती सोनईकडची. वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, बऱ्यापैकी जमीन असलेले बागायतदार. आई लहानपणीच गेलेली. अण्णांनी हिला नगरला, मग पुण्याला शिकू दिलं, आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंत लग्नाचं ताणून धरू दिलं. त्या काळात सोनईच्या पंचक्रोशीत ही साधी गोष्ट नव्हती. भावकीतले लोक तोंडावर बोलत. अखेर बहात्तर सालच्या मे महिन्यात राहुरीकडच्या एका चांगल्या घरातून विचारणा आली, आणि अण्णांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. विमलने उलट काही बोलण्याऐवजी एक वर्ष मागून घेतलं. “एक वर्ष मला द्या. मग तुम्ही म्हणाल तिथं उभी राहते.” अण्णांनी दिलं. राहुरीच्या मंडळींनीही थांबायची तयारी दाखवली, मुलगा पुढे काही परीक्षा देणार होता म्हणून. हे सगळं तिने मला खोलीत आल्यावर पोळ्या लाटता लाटता सांगितलं, दुसऱ्या कोणाची हकिगत सांगावी तसं. मी विचारलं, “मग वर्षभर काय करणार?” ती म्हणाली, “सायकलवरून जाऊन पाखरं बघणार. जेवढी दिसतील तेवढी लिहिणार.”

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण सायकल आधीच घेऊन झाली होती. मिशनच्या एका नर्सबाईंनी बदली झाल्यावर विकलेली लेडीज सायकल, काळी, साखळीवर पत्र्याचं पूर्ण झाकण असलेली, म्हणजे पातळ अडकायला नको. दुर्बीण भिंगारला जुन्या लष्करी सामानाच्या दुकानातून आणली होती. तिच्या एका नळीत बुरशी धरलेली, त्यामुळे विमल एकच डोळा लावून बघे आणि दुसरा घट्ट मिटून घेई. लांबून पाहणाऱ्याला ती कोणावर तरी नेम धरते आहे असं वाटायचं. कॉलेजच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक ओळखीने मिळवलं होतं. यादी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर. नियम एकच, तिने स्वतःच घातलेला. जे पाखरू लिहायचं ते खोलीच्या दारातून सायकलने निघून गाठलेल्या जागी दिसलेलं असलं पाहिजे. एसटीच्या खिडकीतून दिसलेलं चालणार नाही. सोनईला गेली तरी सायकलनेच. पहाटे निघायची, घोडेगावला चहा, ऊन तापायच्या आत घरी. पहिल्यांदा अशी गेली तेव्हा अण्णा म्हणे अंगणात नुसते उभे राहिले, सायकल आत घेतली, आणि चाकात हवा किती आहे ते दाबून बघितलं.

पहिल्या रविवारी मी उगाच मजा म्हणून बरोबर गेले. भाड्याची सायकल, तीही पुरुषी. पातळाचा घोळ सावरताना जीव गेला. कापूरवाडीच्या तलावापर्यंत जाऊन आलो. तिने पहिली लिहिली ती चिमणी. मी म्हटलं, “चिमणी काय लिहायची? ती तर शाळेच्या वर्गातसुद्धा आहे.” ती म्हणाली, “म्हणून ती पाखरू नाही का?” हा तिचा स्वभाव. तुमचं वाक्य तुमच्याच पुढ्यात ठेवायची आणि पुढे जायची. त्या दिवशी होला, साळुंकी, कोतवाल, वेडा राघू, टिटवी असं काय काय झालं. मला टिटवीशिवाय एकही पुढच्या रविवारी ओळखता आलं नाही. खरं सांगायचं तर आजही फारशी येत नाहीत. मी तिच्याबरोबर जात राहिले ते पाखरांसाठी नव्हे. रविवारी खोलीत एकटं बसून वह्या तपासण्यापेक्षा ते बरं होतं, आणि विमल सायकलवर असली की बोलायची. एरवी बोलत नसे.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. नगर जिल्ह्यातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. जूनमध्ये दोन-चार सरी झाल्या, लोकांनी पेरलं, ते उगवलं आणि करपलं. श्रावणात आम्ही पाथर्डी रस्त्याने डोंगरावरच्या जुन्या महालाखालून जायचो तेव्हा माळ फाल्गुनातल्यासारखा पांढरा दिसायचा. विमलच्या यादीला मात्र एका अर्थी दुष्काळ फळला. तलाव आटत गेले तशी पाणपाखरं उरलेल्या थोड्या पाण्यावर दाटीवाटीने गोळा झाली. हिवाळ्यात मुळा धरणाच्या फुगवट्याला गेलो तेव्हा चक्रवाक, करकोचे, शराटी, नावं न येणारी बदकं, एकाच सकाळी एवढं दिसलं की तिला कागद पुरेना. परत येताना ती खूश होती, आणि खूश असल्याची तिला लाज वाटत होती. वाटेत बैलगाड्यांवर संसार लादून चाललेली माणसं भेटत होती. राहुरीचा फाटा आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हे आपलं बरं नाही चाललेलं, शालू.” पण पुढच्या रविवारी पुन्हा निघाली.

होळीनंतरची गोष्ट. नगरच्या पूर्वेला माळावर एका सकाळी आम्ही एका बाभळीखाली भाकरी खात होतो. डोक्यावरून पखुर्ड्यांचा एक थवा गेला. ही पाखरं पारव्याएवढी, मातीच्याच रंगाची, जमिनीवर बसली की दिसत नाहीत, पण उडताना ओरडतात आणि सुसाट जातात. तिच्या यादीत ती केव्हाच लिहिलेली होती. थोड्या वेळाने आणखी एक थवा गेला, मग आणखी एक, सगळे एकाच दिशेला. विमल भाकरी हातात धरून उभी राहिली. तिने पुस्तकात वाचलं होतं की पखुर्डी कोरडे दाणे खाऊन जगते आणि ऊन वर आलं की रोज पाण्यावर जाते, कितीही लांब असलं तरी. “तिकडं पाणी आहे,” ती म्हणाली. मी म्हटलं, तिकडे दगडाशिवाय काही नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिथेच, त्याच वेळेला होतो. थवे तसेच गेले. आम्ही सायकली बाभळीला टेकवून त्या दिशेने चालत निघालो. बरंच चाललो. एका उंचवट्यापलीकडे जुनी दगडाची खाण होती, कधीकाळी रस्त्यासाठी खोदून सोडून दिलेली, कडेने काटेरी झुडपं माजलेली. खाली, कपारीच्या सावलीत, पाणी होतं. फार नाही. एखाद्या मोठ्या खोलीएवढं डबकं, पण स्वच्छ, खडकातून पाझरणारं. काठाला पखुर्ड्या रांगेने बसून पीत होत्या. विमल पोटावर झोपली आणि दुर्बीण लावली.

“पाखरं धराया आलाया का?” मागून आवाज आला. एक म्हातारा धनगर उभा होता. खांद्यावर घोंगडी, मागे पंचवीस-तीस मेंढरं, हाडं दिसणारी. त्याचं नाव बिरूबाबा. बाकीचे धनगर घाटाखाली निघून गेले होते, याचा मुलगासुद्धा. याच्याच्याने तेवढं चालवत नव्हतं म्हणून तो मागे राहिला होता. विमलने त्याला दुर्बीण दिली. त्याने ती उलटी लावली, हसला आणि परत दिली. मग तो जवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात बोलला, जणू माळावर कोणी ऐकत होतं. “बाई, तुमी शिकल्याल्या हाय, तुमास्नी सांगाया नगं. ह्ये पानी कुनाला म्हाईत न्हाई. माजी मेंढरं आन ही पाखरं. मिरगापातुर एवढंच पुरंल. तुमी कुठं बोलू नगा.”

विमल म्हणाली, “नाही बोलणार.”

“आन घ्या.”

तिने शपथ घेतली नाही. ती म्हणाली, “मी नाही म्हटलं म्हणजे नाही.” म्हाताऱ्याला ते पटलं. त्याने आम्हाला मेंढीचं दूध घातलेला चहा करून दिला, तीन दगडांवर. चहाला घोंगडीचा वास येत होता.

तिथून दोन-अडीच मैलांवर, रस्त्याच्या कडेने, दुष्काळी काम सुरू झालं होतं. खडी फोडायचं. पाथर्डीच्या बाजूची कुटुंबं होती, एरवी ऊसतोडीला जाणारी. त्या साली ऊसच नव्हता. फाटक्या लुगड्यांच्या राहुट्या, बाभळीला टांगलेल्या झोळ्या, आणि दिवसभर हातोड्यांचा आवाज. आम्ही जाता-येता तिथून जायचो. चैत्रातल्या एका रविवारी तिथे पोचलो तर हातोडे बंद होते. रिकामे हंडे रस्त्याच्या कडेने ओळीने मांडलेले आणि बायका त्यांच्या शेजारी बसलेल्या. पाण्याचा टँकर काही दिवस आलाच नव्हता. कोणी म्हणे बिघडला, कोणी म्हणे दुसरीकडे वळवला. जवळच्या गावची विहीर गावालाच पुरत नव्हती, यांना तिथून हाकलून दिलं होतं. विमलच्या गळ्यात दुर्बीण, हातात कागद, दोघी सायकलवरच्या बायका. त्यांना वाटलं आम्ही सरकारी. क्षणात आमच्याभोवती घोळका झाला. एक तरणी बाई पुढे आली, तिला बाकीच्या गया म्हणत होत्या. काखेला मूल होतं, डोळे मिटलेलं. झोपलं होतं की आणखी काही, ते मला कळेना.

“बाई, काय लिवून नेताय? पान्याचं लिवलं का?”

विमलने खोटं बोलायचं टाळलं. “मी सरकारी नाही हो. मी शाळेत शिकवते. सुट्टीच्या दिवशी पाखरं मोजते.”

मागची एक म्हातारी हसायला लागली, मग बऱ्याच जणी हसल्या. गया हसली नाही. ती म्हणाली, “पाखरं मोजून झाली आस्तील तर आमास्नी बी मोजा. का मानसं धरत न्हाई तुमच्या कागदात?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं होतं. आम्ही सायकली काढल्या. जरा पुढे, रस्त्याखालच्या मोरीपाशी, ती उतरली आणि कठड्यावर बसली. ती म्हणाली, “त्या मुलाचे ओठ पाहिलेस?” मी म्हटलं, पाहिले. मग मी आठवण करून दिली, “तू त्या म्हाताऱ्याला शब्द दिलायस.” ती म्हणाली, “हो.” उठली, सायकल उलटी वळवली आणि परत गेली.

गयाला तिने बाजूला घेऊन सांगितलं. पण पाण्याची गोष्ट बाजूला कुठली राहते! कामावरचा मुकादम नको नको म्हणत असतानाच बायका हंडे उचलून निघाल्या, मागून पुरुष डबे घेऊन. विमल सायकल हातात धरून पुढे चालत होती. खाणीच्या उंचवट्यावर पोचलो तेव्हा पखुर्ड्यांची वेळ टळून गेली होती. खाली मेंढरं होती आणि त्यांच्यात बिरूबाबा. त्याने वर पाहिलं. एवढी माणसं, हंडे, आणि पुढे विमल. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याने मेंढरं हाकलली, खाणीच्या दुसऱ्या अंगाने वर चढला आणि गेला. विमलने “बाबा” म्हणून हाक मारली. तो थांबला नाही. बायका तोपर्यंत पाण्यात उतरल्या होत्या. गयाने पदराचा बोळा भिजवून मुलाच्या तोंडात पिळला. मूल रडायला लागलं, आणि ती पहिल्यांदाच हसली.

पुढच्या रविवारी गेलो तर खाणीत चिखल होता. लोकांनी मधोमध झिरा खणला होता आणि वाटीवाटीने पाणी भरत होते. थवे आले, वरून दोन घिरट्या घेतल्या आणि निघून गेले. त्याच आठवड्यात टँकर सुरू झाला. खाण नसती तर ते मूल टँकरपर्यंत पोचलं असतं की नाही, कोण सांगणार. आणि खाण तशीच राहिली असती तर म्हाताऱ्याचं मिरगाच्या पावसापर्यंत भागलं असतं, हेही खरंच. दोन्ही खरं होतं आणि त्यातलं काहीच परत घेता येत नव्हतं. मी गणिताची बाई, मला असल्या गोष्टी सोडवून टाकायची सवय. मी विमलला समजावू लागले की माणसाचा जीव आणि मेंढराचा जीव यांत... ती म्हणाली, “ते मला कळतं. मी पुन्हा सांगेन, पुन्हा असं झालं तर. ते सोडून बोल.”

त्यानंतर तिने पाखरं बघणं थांबवलं. सायकल थांबली नाही. दर रविवारी ती बिरूबाबाला शोधत फिरे. गावोगावच्या विहिरींवर, पारांवर, बाजारात मेंढरं विकायला आणतात तिथे विचारायची, “असा असा एक म्हातारा, उजवा पाय जरा ओढतो, पाहिला का?” कोणी म्हणे पैठणच्या बाजूला गेला, कोणी म्हणे मेला. दुर्बीण खोलीतल्या खुंटीला. कॅलेंडरच्या कागदावर महिनाभर नवं नाव पडलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत तिने मला सोनईला नेलं. अण्णांच्या विहिरीनेही तळ गाठला होता. ऊस जळाला होता, तेवढा घराजवळचा वाफा त्यांनी गुरांसाठी राखला होता. घरात चार दिवसांनी येणाऱ्या पाहुण्यांची तयारी चालली होती. वर्ष संपत आलं होतं. राहुरीची मंडळी आता बघायलाच यायची होती, घरातल्या तिच्या काकूंनी कुरडया तळून बघितल्या, भिंतींना पांढरी माती दिली. विमल त्या सगळ्यात पाहुण्यासारखी वावरत होती. एका पहाटे ती म्हणाली, “चल, नेवाशाला जाऊन येऊ.” प्रवरेला नदी म्हणावं असं काही उरलं नव्हतं, वाळूत अधूनमधून डोह. अशाच एका डोहाच्या काठाला तो बसला होता. बिरूबाबा. तोच ओढता पाय पसरून, तीच घोंगडी. आसपास सहा-सात मेंढरं.

विमल सायकल वाळूत तशीच टाकून त्याच्याकडे गेली. त्याने तिला ओळखलं. “या,” म्हणाला. ती त्याच्यासमोर वाळूत बसली. मग विचारलं, “बाकीची कुठं गेली, बाबा?”

“काय वाटंला मेली. काय इकली.”

“माझ्यामुळं.”

म्हाताऱ्याने एका मेंढीच्या कानातली गोचीड काढून दगडावर चिरडली. “पानी काय माज्या बापाचं न्हवतं,” तो म्हणाला. “लेकरंबाळं तान्हेली आस्ताना मी न्हाई म्हनलो आस्तो व्हय? पर बाई, तुमी मला आदी सांगाया पायजे हुतं. लोकं आनायच्या आदी. मी पोटभर पाजून मेंढरं काढली आस्ती, पुडं कुठं जायचं त्ये बगितलं आस्तं. तुमी एकदम हंडं घिऊन हुब्या.” मग म्हणाला, “त्याचं लई वाईट वाटलं. पान्याचं न्हाई.”

विमलने मान हलवली. माफ करा वगैरे ती म्हणाली नाही, आणि त्यालाही ते अपेक्षित नव्हतं. आमच्याकडच्या भाकरी आम्ही तिघांनी खाल्ल्या. उठताना तो म्हणाला की मुलाचा निरोप आला आहे, मिरगाला तो वर येईल. विमलने अण्णांचं नाव सांगितलं, सोनईला आलात तर कडबा आहे, म्हणाली. तो म्हणाला, बघू. पुढे तो आला की नाही मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर ऊन भयंकर होतं, घरी पोचल्यावर मी पायरीवरच बसले. तिने पायसुद्धा धुतले नाहीत. अण्णा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अण्णा, मला लग्न करायचं नाही. राहुरीला नाही, कुठंच नाही. तुम्ही म्हणाल तिथं उभी राहते म्हटलं होतं, ते माझ्याच्यानं होणार नाही. पाहुणे आल्यावर तुमची मान खाली जायला नको, म्हणून आज सांगते.”

आतली भांड्यांची खडखड थांबली. अण्णांनी सुतळी वळायची थांबवली नाही. “वरीसभर मागितलंस ते कशापायी मग?” त्यांनी विचारलं.

“तेव्हा मलाही माहीत नव्हतं.”

“कुनी हाय का दुसरं?”

“नाही.”

अण्णा उठले, जोडा घातला आणि जळालेल्या उसाकडे निघून गेले. दिवस मावळला तरी आले नाहीत. काकूंनी विमलला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं निम्मं मला उद्देशून होतं. शहरात राहून मीच तिला बिघडवलं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. अंधार पडल्यावर अण्णा आले, पाय धुतले आणि विमलकडे न बघता बोलले, “राहुरीला मी उद्या जाऊन सांगतो. तू काय लिहू-बिहू नगो. मला वाईट वाटलं ते वाटलं, त्याला विलाज न्हाई. आता जेवून घ्या दोघी.” त्यानंतर दोन-तीन वर्षं त्यांचं तिच्याशी बोलणं कामापुरतंच राहिलं. मग हळूहळू पूर्ववत झालं. त्यांच्या आजारपणात वर्षभर तिनेच त्यांना नगरला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं.

लग्न का नको होतं, हे मला तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे माझं झालं तेव्हा ती आनंदाने आली, बस्ता बांधायला मदत केली, पंगतीत वाढलं. यादी जूनमध्ये संपली. शंभराच्या बरीच वर गेली, दीडशेच्या आत राहिली. पुन्हा वर्षाची यादी तिने कधी केली नाही. नुसती बघायची. मी नवऱ्याच्या बदल्यांबरोबर फिरत राहिले, निवृत्तीनंतर नगरला परत आले, आणि आम्ही पंधरवड्यातून एकदा भेटू लागलो. ती सोपी बाई नव्हती. कौतुक करायला कंजूष, मुली तिला घाबरत, शेजारी तर फारच. माझ्या मुलाच्या लग्नात जेवणावळीचा थाट पाहून तिने सर्वांसमोर जे ऐकवलं, त्यावरून आम्ही आठ महिने बोलत नव्हतो. पण तिच्याबाबतीत एक होतं. तिच्या मनात तुमच्याविषयी काय आहे, हे तुम्हाला दुसऱ्याकडून कधी कळायचं नाही.

परवा प्राचीबरोबर तिचा फ्लॅट आवरायला गेले होते. पुढच्या महिन्यात भाडेकरू येणार आहेत. प्राचीने पलंगपोस, चादरी, पडदे असं सगळं धुवायला काढलं आणि पहिली चादर पिळून झाल्यावर विचारलं, “मावशी, आत्या कपडे कुठं वाळत घालायची? गॅलरीत दोरीच नाही.” गॅलरी चांगली मोठी आहे, ऊनही भरपूर येतं. पण तिच्या एका कोपऱ्यात जुनी केबलची तार लोंबते, आणि तिला दरवर्षी शिंजीर आपलं घरटं टांगते, मूठभर, काड्या-जाळ्यांचं. कपड्यांच्या फडफडाटाने ती बुजते म्हणून विमलने आतल्या खोलीत, कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधली होती. पावसाळ्यात तिच्या सगळ्या पातळांना कुबट वास यायचा. मी तिला त्यावरून बोलायची आणि ती ऐकायची नाही.

यंदाचं घरटं रिकामं आहे, मी खाली उभं राहून नीट पाहिलं. आता तिथे दोरी बांधली तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. प्राचीला तसं सांगायला मी तोंडही उघडलं... मग ओली चादर तिच्या हातातून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन वाळत घातली.